हेरखात्याने छापलेला सायफर एमटेकच्या प्रोजेक्टमध्ये वापरावा का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. इंदूरच्या एका एमटेकच्या विद्यार्थिनीने सोसायटीच्या पाण्याच्या टाक्यांवर बसवायचे सेन्सर बनवले आहेत. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून टाकी किती भरली हे सेन्सर दर 15 मिनिटांनी रेडिओवरून कळवतो. ही माहिती वाटेत कुणी वाचू नये म्हणून तिने ‘स्पेक’ नावाचा सायफर, म्हणजे किल्ली वापरून मजकूर गुप्त करायची पद्धत, वापरला आहे. तो अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने, म्हणजे एनएसएने, 2013 मध्ये प्रसिद्ध केला. एक्स्टर्नल म्हणाले, “हेरखात्याने छापलेलं ते संशोधन नव्हे, काढून टाका.” गाइड म्हणतात, “निबंध सगळ्यांसाठी खुला आहे, राहू दे.” सबमिशन तोंडावर आलंय, तर कुणाचं ऐकावं?

मी इंदुरातच गेली 24 वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना क्रिप्टोग्राफी शिकवतो. पीथमपूरच्या काही कारखान्यांच्या उपकरणांसाठी सायफर निवडून देण्याचं कामही केलंय. हा प्रश्न माझ्याकडे दर दोन-तीन वर्षांनी येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. लेखक हेरखात्यात नोकरीला असला तर त्याचं लिखाण संशोधन ठरतं का, हा पहिला. ते लिखाण माझ्या उपकरणात वापरण्याइतकं भरवशाचं आहे का, हा दुसरा. एक्स्टर्नल दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला देताहेत आणि गाइड पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला.

पहिला लवकर मिटतो. तुमच्या एक्स्टर्नलांच्या मोबाईलमधलं बँकेचं अॅप ज्या डिजिटल प्रमाणपत्रांवर चालतं, त्यात बहुतेक ठिकाणी एसएचए-256, म्हणजे कुठल्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा (हॅश) काढणारा अल्गोरिदम, असतो. तो एनएसएनेच तयार केला. त्यावर जगभर शेकडो लोकांनी काम केलं, पीएचड्या केल्या. तेव्हा लेखक कुठे पगार घेतो एवढ्यावरून संशोधन बाद होत नाही.

दुसरा प्रश्न खरा आहे, आणि एक्स्टर्नलांची शंका अजिबात खुळचट नाही. हेरखात्याचं संशोधन विद्यापीठाच्या संशोधनापेक्षा एका बाबतीत वेगळं असतं. ते हातचं राखून लिहिलेलं असतं. काय छापायचं, कधी छापायचं आणि कारणं किती सांगायची, हे तेच ठरवतात.

ब्रिटनच्या जीसीएचक्यू या हेरखात्याचं उदाहरण मी दर वर्षी वर्गात सांगतो. किल्ली आधी गुपचूप पोचवल्याशिवाय गुप्त संदेश पाठवता येईल, ही कल्पना तिथल्या जेम्स एलिस यांनी 1970 मध्ये मांडली. 1973 मध्ये क्लिफर्ड कॉक्स यांनी तिला गणिताचं रूप दिलं आणि 1974 मध्ये माल्कम विल्यमसन यांनी दुसरी पद्धत शोधली. यातलं काहीच बाहेर आलं नाही. बाहेरच्या जगात डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये आणि रिव्हेस्ट, शमीर, एडलमन यांनी 1977 मध्ये तेच पुन्हा स्वतंत्रपणे शोधलं. जीसीएचक्यूने आपलं काम उघड केलं डिसेंबर 1997 मध्ये. एलिस त्याच्या आदल्याच महिन्यात गेले. एका माणसाने आयुष्यातलं सर्वात मोठं काम केलं आणि ते जगाला कळण्याआधी तो गेला, हे सांगताना आजही माझा आवाज जड होतो. तुमच्या प्रश्नापुरता त्याचा अर्थ एवढाच, की हेरखात्याने छापलेल्या कागदामागे न छापलेलं बरंच काही असू शकतं, असं धरूनच वाचायचं.

मग न छापलेलं नेमकं कशा प्रकारचं असतं? इथे दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा.

पहिली डीईएसची. 1970 च्या दशकात आयबीएमने हा सायफर बनवला आणि एनएसएच्या सल्ल्याने तो पक्का होऊन 1977 मध्ये अमेरिकी मानक झाला. त्यात एस-बॉक्स नावाची 8 कोष्टकं आहेत. त्यातले आकडे असेच का, हे कुणी सांगेना. किल्लीही 56 बिटांचीच ठेवली होती, त्यामुळे लोकांना कोष्टकांत चोरदरवाजा असल्याचा संशय आला. 1990 च्या सुमारास एली बिहाम आणि आदी शमीर यांनी डिफरन्शियल क्रिप्टअॅनॅलिसिस ही, मजकुरांतल्या छोट्या फरकाचा माग काढणारी, हल्ल्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली, आणि त्या पद्धतीपुढे डीईएसची कोष्टकं चांगलीच मजबूत निघाली. 1994 मध्ये आयबीएमच्या डॉन कॉपरस्मिथ यांनी लिहिलं, की ही पद्धत आम्हाला 1974 मध्येच माहीत होती, कोष्टकं तिच्यापासून वाचतील अशीच निवडली, आणि एनएसएशी बोलून ते गुप्त ठेवलं. म्हणजे कोष्टकांबाबतच्या मौनाने सायफर बळकट केला होता. आखूड किल्लीचं मात्र तसं झालं नाही. 1998 मध्ये त्यासाठीच बांधलेल्या एका यंत्राने सगळ्या किल्ल्या चाळत डीईएस तीन दिवसांच्या आत फोडला.

दुसरी गोष्ट ड्युअल ईसी या रँडम नंबर जनरेटरची, म्हणजे किल्ल्यांसाठी अंदाज न येणारे आकडे काढणाऱ्या पद्धतीची. 2006 मध्ये तो अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात आला. त्यात इलिप्टिक कर्व्ह या गणिती वक्रावरचे दोन बिंदू दिले होते, पी आणि क्यू. क्यू कुठून आला ते सांगितलं नव्हतं. 2007 मध्ये डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन यांनी दाखवलं, की ज्याने हे बिंदू निवडले त्याला त्यांच्यातलं नातं, म्हणजे क्यूला कितीने गुणलं की पी येतो तो आकडा, माहीत असेल, तर जनरेटरमधून आलेले 30-32 बाइट बघून तो पुढचे सगळे आकडे सांगू शकतो. 2013 मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदपत्रांच्या बातम्यांनी तो संशय बळावला. एनआयएसटीने आधी ‘वापरू नका’ असं सांगितलं आणि 2014 मध्ये तो मानकातून काढायचं ठरवलं.

आकड्यांचं कारण न सांगणं दोन्हीकडे सारखंच होतं. एकीकडे त्यामागे संरक्षण होतं, दुसरीकडे चोरदरवाज्याची सोय. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही मौनं हुबेहूब एकसारखी दिसतात. म्हणून “एनएसए चांगली की वाईट” यावर वाद घालून काही हाती लागत नाही. मी विचारतो ते वेगळं: या रचनेत लपवायला जागा किती आहे?

आपल्या सराफ्यात जुनी बांगडी मोडीत द्यायला गेलात तर सराफ ती कसाला लावतोच. आणणारा ओळखीचा नसेल तर तो ती मधून कापूनही बघतो. माल तपासायचा हे ठरलेलंच असतं. आणणाऱ्यावरून ठरतं ते किती खोल कापायचं एवढंच.

2009 मध्ये पीथमपूरच्या एका कारखान्यासाठी आम्ही एक मीटर बनवत होतो. विकत घेतलेल्या लायब्ररीत रँडम नंबरचे चार पर्याय होते आणि त्यातला एक ड्युअल ईसी होता. ग्राहकाचे इंजिनिअर म्हणाले, “मानकात आहे ना, मग चारीतला कुठलाही चालेल.” माझ्याबरोबरचा तरुण सहकारी तर त्याच पर्यायावर अडून बसला होता, कारण त्यामागे संख्यासिद्धांतातला अवघड प्रश्न आहे, बाकीच्यांमागे नाही. मी दोघांना फळ्यापुढे बसवलं आणि पी, क्यू लिहून एवढंच विचारलं, की क्यू कुणी निवडला. उत्तर कागदावर नव्हतं. शिवाय तो बाकी तिघांपेक्षा शेकडो पटीने हळू होता. आम्ही एचमॅक या हॅशवर आधारलेल्या पद्धतीवर चालणारा जनरेटर घेतला. त्या वेळी स्नोडेनचं नावही कुणाला माहीत नव्हतं. हेरखात्याबद्दल काहीही माहीत नसताना, फक्त कागद नीट वाचून योग्य निर्णय घेता आला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि तुम्हालाही हेच करायचंय.

आता हीच कसोटी एसएचए-256 ला लावा. त्यात 64 स्थिरांक आहेत. ते पहिल्या 64 मूळ संख्यांच्या घनमुळांच्या दशांश भागातून घेतलेत, आणि सुरुवातीचे 8 आकडे पहिल्या 8 मूळ संख्यांच्या वर्गमुळांतून. 2 चं वर्गमूळ 1.41421356... त्यातला 1 सोडा, उरलेल्याला 2 च्या 32 व्या घाताने गुणा, पूर्णांक भाग हेक्समध्ये लिहा. 6a09e667 येतो, आणि मानकात पहिला आकडा तोच आहे. हे बारावीचा मुलगाही पडताळू शकतो. इथे मनाजोगता आकडा घुसवायला जागाच ठेवलेली नाही.

याचा अर्थ एनएसएचं सगळंच टिकतं असा नाही. त्याच घराण्यातल्या एसएचए-1 वर 2005 मध्ये चीनच्या शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाव घातला, आणि 2017 मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने प्रत्यक्ष दोन वेगळ्या फाइलींचा हॅश एकच आणून दाखवला. हेरखात्याची माणसंही चुकतात. मला भावतं ते तेव्हा, जेव्हा ती स्वतः चूक छापतात. 2014 मध्ये जीसीएचक्यूच्याच गणितज्ञांनी ‘सॉलिलोक्वी’ नावाची आपली पद्धत क्वांटम संगणकापुढे कशी टिकत नाही, हे लिहून प्रसिद्ध केलं. पोस्ट-क्वांटम, म्हणजे क्वांटम संगणकापुढेही टिकेल अशा, क्रिप्टोग्राफीत काम करणाऱ्यांना त्या निबंधाचा खरोखर उपयोग झाला.

आता तुमचा स्पेक. स्पेक64, 128 बिटांच्या किल्लीचा, असं धरतो, कारण तुमच्या 8 बिटांच्या मायक्रोकंट्रोलरवर तोच शोभतो. त्याची एक फेरी अशी: डावा शब्द उजवीकडे 8 बिट फिरवा, त्यात उजवा शब्द मिळवा, फेरीची किल्ली एक्सॉर करा (बिट वेगळे तिथे 1, सारखे तिथे 0), मग उजवा शब्द डावीकडे 3 बिट फिरवून नव्या डाव्या शब्दाशी एक्सॉर करा. अशा 27 फेऱ्या. किल्लीचा विस्तारही याच फेरीने होतो, फक्त तिथे किल्लीच्या जागी फेरीचा क्रमांक जातो. कोष्टकं नाहीत, बिंदू नाहीत. निवडलेले आकडे म्हणावे तर 8, 3 आणि 27. त्यातल्या 8 चं कारण तुमच्या चिपमध्येच दिसेल: 8 बिटांच्या चिपवर 8 ने फिरवणं म्हणजे बाइटांच्या जागा बदलणं, त्याला जवळपास काहीच खर्च येत नाही.

ड्युअल ईसीसारखा चोरदरवाजा एवढ्याशा रचनेत बसवता येईल असं मला वाटत नाही. ही शंका मी बाजूला ठेवतो. डीईएसच्या गोष्टीतून उरणारी शंका मात्र राहते. आपल्याला अजून माहीत नसलेली हल्ल्याची एखादी पद्धत त्यांना माहीत असेल आणि फेऱ्या त्या हिशेबाने बेताच्या ठेवल्या असतील तर? याचं पक्कं उत्तर बाहेरचा कुणीच देऊ शकत नाही. हाताशी आहे ती मोजदाद: स्पेक64 च्या 27 पैकी 20 फेऱ्यांपर्यंत प्रसिद्ध हल्ले पोचले आहेत, तेही केवळ कागदावर शक्य असे. सात फेऱ्या शिल्लक आहेत. मला हे अंतर पुरेसं वाटतं, पण ऐसपैस वाटत नाही.

इतरांनी काय केलं हेही बघा, कारण एक्स्टर्नलांचा आक्षेप एकट्याचा नाही. 2013 च्या मूळ निबंधात वेगाची कोष्टकं भरपूर होती, पण सुरक्षिततेचं विश्लेषण आणि रचनेची कारणं जवळपास नव्हती. आणि तो ई-प्रिंट या क्रिप्टोग्राफीच्या निबंधांच्या खुल्या संग्रहावर आला जून 2013 मध्ये, स्नोडेनच्या बातम्या सुरू झाल्या त्याच महिन्यात. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या समितीत जर्मनी, जपान, इस्रायलच्या तज्ज्ञांनी कारणं मागितली. एनएसएने रचनेवर सविस्तर टिपण काढलं 2017 मध्ये, तोवर मनं विटली होती. 2018 मध्ये आयएसओने लाइटवेट, म्हणजे छोट्या चिपसाठीच्या, ब्लॉक सायफरच्या मानकात स्पेकला घ्यायचं नाकारलं. आरएफआयडी टॅगांच्या एका वेगळ्या मानकात मात्र तो त्याच वर्षी आला. लिनक्स कर्नलमध्ये तो 4.17 या आवृत्तीत आत आला आणि 4.20 मध्ये बाहेर गेला, कारण स्वस्त अँड्रॉइड फोनांसाठी तो मागणाऱ्या गूगलनेच दरम्यान ॲडिअँटम ही दुसरी पद्धत तयार केली. या नकारांत कुणीही सायफर फोडून दाखवला नव्हता. लोकांनी कारणं मागितली आणि ती वेळेवर मिळाली नाहीत, एवढंच झालं. मला समितीचा निर्णय योग्यच वाटतो. मानक म्हणजे कोट्यवधी लोकांच्या वतीने दिलेली हमी, आणि तिथे “आमच्यावर विश्वास ठेवा” हे उत्तर चालू नये.

इथवरचं थोडक्यात: स्पेकचा निबंध संशोधन म्हणून बिनदिक्कत उद्धृत करा, चोरदरवाज्याची भीती रचना बघता फारशी नाही, पण फेऱ्यांतलं अंतर जेमतेम आहे आणि जगाने त्याला लाइटवेट ब्लॉक सायफरचं मानक म्हणून स्वीकारलेलं नाही.

तेव्हा काय करायचं, हे तुमचं उपकरण कुठे जाणार यावर आहे. काम थिसिसपुरतं असेल आणि विषय ‘छोट्या चिपवर कोणता सायफर किती मेमरी आणि वेळ खातो’ असा असेल, तर स्पेक ठेवाच. तो काढला तर तुलनाच अपुरी राहील. हेच सेन्सर उद्या खरोखर सोसायट्यांना विकणार असाल, तर मी ॲस्कॉन ही दुसरी पद्धत घेईन. एनआयएसटीने खुली स्पर्धा घेतली, 57 प्रवेशिका आल्या, कित्येक वर्षं जगभरच्या लोकांनी त्या फोडायचा प्रयत्न केला, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ॲस्कॉन निवडला. 2025 मध्ये त्याचं मानकही निघालं. महापालिकेच्या टेंडरमध्ये जाणार असेल, तर टेंडरमध्ये लिहिलेलं मानक पाळा, तिथे माझं मत गैरलागू आहे.

ॲस्कॉन सुचवण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि तुमच्या एक्स्टर्नलांनी ते विचारायला हवं होतं. तुमच्या वर्णनात फक्त एन्क्रिप्शन आहे, ऑथेंटिकेशन, म्हणजे संदेश खरा असल्याची खात्री, कुठेच नाही. टाकी अर्धी आहे की भरलेली, हे शेजाऱ्याने वाचलं तर बिघडलं किती? पण कुणी काल रात्रीचा ‘टाकी भरली’ हा संदेश रेकॉर्ड करून आज पुन्हा सोडला, तर पंप सुरूच होणार नाही आणि पाण्याचा दिवस हुकेल. त्याला एनएसएच्या ज्ञानाची गरज नाही, हजार-दोन हजारांचं रेडिओ मॉड्यूल पुरे. ॲस्कॉन गुप्तता आणि खरेपणाची खूण एकदमच देतो. स्पेक ठेवलात तर वेगळा मॅक, म्हणजे तशीच खरेपणाची खूण, जोडा, आणि दोन्हीपैकी काहीही घेतलंत तरी प्रत्येक संदेशात वाढता क्रमांक घाला आणि मागचा क्रमांक आला तर संदेश टाकून द्या. वीज गेल्यावर हा क्रमांक शून्यावर जाणार नाही अशी व्यवस्था करा. माझ्या विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट इथेच सर्वात जास्त वेळा अडकलेत. आणि सगळ्या सेन्सरांत एकच किल्ली ठेवू नका. गच्चीवरचा एक डबा कुणी उचलून नेला तर अख्खी कॉलनी उघडी पडेल.

स्पेक64 चा ब्लॉक, म्हणजे तो एका वेळी गुप्त करतो तो तुकडा, 64 बिटांचाच आहे, हा आक्षेपही व्हायव्हात येईल. त्याचा हिशेब तयार ठेवा. संदेश 16 बाइटांचा धरला तर 2 ब्लॉक, दिवसाला 96 संदेश, म्हणजे 192 ब्लॉक. धोका जाणवू लागतो तो 2 च्या 32 व्या घाताइतके ब्लॉक एकाच किल्लीने गेल्यावर. तुमच्या टाकीला त्यासाठी सुमारे 61 हजार वर्षं लागतील.

राहता राहिले एक्स्टर्नल. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांची शंका थिसिसमध्ये त्यांच्याच शब्दांत लिहा आणि खाली दोन पानांचा प्रयोग द्या. स्पेक32 हा धाकटा भाऊ घ्या, त्यात शब्द 16 बिटांचे असतात आणि फिरवणं 7 आणि 2 चं. आधी कोड बरोबर आहे याची खात्री करा: किल्ली 1918 1110 0908 0100, मजकूर 6574 694c, तर 22 फेऱ्यांनंतर a868 42f2 आलं पाहिजे. मग 0040 0000 एवढाच फरक असलेल्या मजकुरांच्या लाखभर जोड्या सोडा. एका फेरीनंतर फरक दर वेळी 8000 8000 येईल. दोन फेऱ्यांनंतर 8100 8102 हा फरक साधारण निम्म्या जोड्यांत दिसेल. पुढे प्रत्येक फेरीला हा माग कसा विरत जातो ते मोजा. याच फरकापासून सुरुवात करून आरोन गोर यांनी 2019 मध्ये न्यूरल नेटवर्कच्या मदतीने 11 फेऱ्यांवर हल्ला केला होता, तोही निबंध वाचा. साध्या लॅपटॉपवर एका संध्याकाळचं काम आहे. त्याचा आलेख काढा, x अक्षावर फेऱ्या, y अक्षावर माग टिकण्याचं प्रमाण, आणि व्हायव्हाला त्याची प्रिंट बरोबर घेऊन जा. कोड अडला तर इथेच टाका, मी बघतो.